एमडीएस प्रवेश परीक्षेची उजळणी: पाठ असलेलं उलटं का होतं आणि ते कसं थांबवायचं

“वरचा परमनंट कनाइन कधी येतो?”

रविवारी सकाळी इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या घरी सात-आठ मुलंमुली अभ्यासाला बसतात. कुणी इंटर्नशिप करत असतं, कुणी संपवून भंवरकुव्याला, क्लासेसच्या भागात, खोली घेऊन राहिलेलं असतं. हा प्रश्न मी दरवर्षी पहिल्याच रविवारी विचारते आणि दरवर्षी कुणीतरी फटकन म्हणतं, “नऊ ते दहा.” ते वय खालच्या कनाइनचं, म्हणजे सुळ्याचं. वरचा येतो ११ ते १२ व्या वर्षी. चूक दाखवली की उत्तरही ठरलेलं असतं: “ताई, माहीत होतं हो, उलटं झालं.”

हा लेख त्या ‘उलटं झालं’साठी आहे. नीट एमडीएसला, म्हणजे बीडीएसनंतर दंतशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी असलेल्या परीक्षेला, ३ तासांत २४० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं की १ कापला जातो. म्हणजे माहीत असलेली गोष्ट उलटी लिहिली की ५ गुणांचा फटका, आणि अशा दहा झाल्या की ५० गुण हातचे जातात. हे ५० गुण मिळवायला नवं काहीही वाचावं लागत नाही. तरी मुलं चौथ्यांदा तेच जाड नोट्स वाचत बसतात, सगळ्या पानांना पिवळा रंग फासतात आणि परीक्षेत पुन्हा उलटं करून येतात. माझा पहिला प्रयत्न अगदी असाच वाया गेला होता, म्हणून पोटतिडकीने लिहिते आहे.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक जण दुसरा आणि तिसरा टप्पा गाळतात आणि थेट पाठांतराला लागतात. तिथेच गाडी घसरते.

टप्पा १: बसण्याआधीची जमवाजमव

लागतं फार थोडं: एक दोनशे पानी वही, दोन रंगांची पेनं, त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणि प्रत्येक विषयाचं एकच मूळ पुस्तक किंवा एकच नोट्स.

‘एकच’ यावर अडून राहा. दात येण्याच्या वयांचे तक्ते पुस्तकागणिक थोडे वेगळे असतात. खालचा दुधाचा पुढचा दात एका तक्त्यात साडेसहा महिने, दुसऱ्यात ६ ते १० महिने. दोन्ही वाचलेत तर परीक्षेत दोन्ही आठवतील आणि तुम्ही तिसराच पर्याय निवडाल. एक तक्ता निवडा, वहीत उतरवा आणि दुसरा बंद करा.

माहितीपुस्तिका नुसती चाळू नका. पेपर दोन भागांत असतो. भाग अ मध्ये १०० प्रश्न: अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्री, डेंटल अॅनाटॉमी आणि ओरल हिस्टॉलॉजी, पॅथॉलॉजी-मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी, डेंटल मटेरियल्स. भाग ब मध्ये बाकीचे क्लिनिकल विषय, १४० प्रश्न. दोन्ही भागांना वेळ वेगळा बांधलेला असतो आणि पहिल्याची वेळ संपली की मागे जाता येत नाही. तुमच्या वर्षाच्या पुस्तिकेत ही विभागणी स्वतः वाचा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

भाग अ म्हणजे जवळपास ४२ टक्के पेपर. तरी इंटर्नशिप करणारी मुलं त्याला हात लावायला कंटाळतात, कारण ओपीडीत रोज एन्डो (रूट कॅनलचं काम) आणि सर्जरी दिसते, बायोकेमिस्ट्री दिसत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात स्वस्तात मिळणारे गुण डेंटल मटेरियल्स आणि डेंटल अॅनाटॉमीत आहेत. उजळणी तिथून सुरू करा.

तपासणी: दिवस मोजताना रंगपंचमीची गेर (मिरवणूक), घरातलं लग्न, गणपती, नाइट ड्युटी हे आधीच वजा करा. इंदूरच्या मराठी घरात त्या दिवशी अभ्यास होत नाही, आणि वेळापत्रक एकदा मोडलं की मुलं ते पूर्णच सोडून देतात. आठवड्याचे सहा दिवस धरा, सातवा राहिलेलं भरून काढायला.

टप्पा २: शिळी माहिती आधी बाहेर काढा

पाठांतराच्या आधी हे करायचं, कारण चुकीचं पाठ झालेलं पुसायला नवं पाठ करण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. खजुरी बाजारात जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, जरूर घ्या, पण आवृत्तीचं साल पाहून. सीनियरच्या झेरॉक्स नोट्सचंही तेच. अक्षर सुंदर असतं, माहिती दहा वर्षांपूर्वीची असते.

पुढच्या पाच जागा मी दरवर्षी स्वतः तपासते:

१. ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट (जबड्यातली एक गाठ). जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या वर्गीकरणात हा ट्यूमर झाला होता, २०१७ मध्ये तो परत ‘सिस्ट’च्या गटात आला. नोट्समध्ये ‘केसीओटी’ हे ट्यूमर असतानाचं नाव दिसलं की समजा, ते पान जुनं आहे.

२. पेरिओडोन्टायटिस (दाताभोवतीच्या हिरडी-हाडाचा आजार). ‘क्रॉनिक’ आणि ‘अॅग्रेसिव्ह’ हे वेगळे कप्पे २०१७ च्या जागतिक कार्यशाळेनंतर गेले. आता स्टेज १ ते ४ आणि ग्रेड ए, बी, सी. बायोलॉजिक विड्थलाही (हाडाच्या वर दाताला चिकटलेल्या ऊतीची उंची) ‘सुप्राक्रेस्टल टिश्यू अटॅचमेंट’ असं नाव आलं आहे.

३. तोंडाच्या कॅन्सरचं स्टेजिंग. एजेसीसीच्या (कॅन्सरचं स्टेजिंग ठरवणारी अमेरिकन समिती) आठव्या आवृत्तीत गाठीच्या आकाराबरोबर ती किती खोल गेली हेही मोजतात. टी१ म्हणजे आकार २ सेंमीपर्यंत आणि खोली ५ मिमीपर्यंत. नुसता आकार लिहिलेला तक्ता फाडून टाका.

४. एन्डोकार्डायटिसची (हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग) प्रतिबंधक अँटिबायोटिक. मोठ्यांना अॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, मुलांना किलोमागे ५० मिग्रॅ, प्रोसिजरच्या ३० ते ६० मिनिटं आधी. हे कायम आहे. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर क्लिंडामायसिन ही ओळ मात्र २०२१ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने काढली. तिच्या जागी सेफॅलेक्सिन २ ग्रॅम, अॅझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ, किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ.

५. डेंटल ट्रॉमाचे स्प्लिंट (मार लागलेला दात शेजारच्या दातांना बांधून स्थिर ठेवणं). २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे पूर्ण निखळलेल्या दाताला लवचीक स्प्लिंट २ आठवडे. जुन्या नोट्समध्ये ७ ते १० दिवस सापडेल.

सावधान: जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरं त्या-त्या वर्षी बरोबर होती. तो प्रश्न सोडवा, पण उत्तरापुढे साल लिहा. माझ्या वहीत वर्गीकरण, डोस आणि मार्गदर्शिका यांच्यासमोर साल नसलेली एकही ओळ नसते. मुलांनाही मी हेच बंधन घालते.

टप्पा ३: चुकांची छाननी

आता काहीही न वाचता एक पूर्ण मॉक टेस्ट द्या. वाईट गुण येतील, येऊ द्या. महत्त्वाचं काम नंतरचं आहे. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एक अक्षर लिहा: ‘न’ म्हणजे माहीतच नव्हतं, ‘उ’ म्हणजे उलटं झालं, ‘घ’ म्हणजे घाई झाली, प्रश्न नीट वाचला नाही.

‘न’ असेल तिथे मूळ पुस्तक उघडायचं. ‘घ’ असेल तिथे वाचनाची सवय बदलायची: प्रश्नातले ‘एक्सेप्ट’, ‘नॉट’, ‘लीस्ट’ हे शब्द मनात मोठ्याने म्हणायचे आणि मगच पर्यायांकडे जायचं. ‘उ’ असेल तिथे पुस्तक उघडून काहीच उपयोग नाही. ते तुम्ही वाचलेलं आहे. पुन्हा वाचलं की ‘हो हो, हेच’ असं वाटतं, पान उलटलं जातं आणि गोंधळ होता तिथेच राहतो.

प्रामाणिकपणे करा. ‘न’ला ‘उ’ म्हणण्याचा मोह फार होतो, कारण ‘माहीत होतं’ म्हणायला बरं वाटतं. कसोटी साधी आहे: उत्तर न पाहता दोन पर्यायांतला फरक सांगता येतो का? येत नसेल तर ‘न’.

टप्पा ४: जोडपानं तयार करा

सगळ्या उजळणीचा कणा हा आहे, म्हणून इथे सवडीने थांबते.

प्रश्न काढणारा चुकीचे पर्याय हवेतून आणत नाही, शेजारून आणतो. वरच्या कनाइनच्या प्रश्नात खालच्या कनाइनचं वय पर्याय म्हणून असतंच. त्यामुळे एकेक आकडा सुटा पाठ करणं फुकट जातं. जे दोन आकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसतात, ते एकाच पानावर, समोरासमोर लिहायचे आणि मधे एका ओळीत फरकाचं कारण किंवा खूण. याला आम्ही जोडपान म्हणतो. एका पानावर एकच गोंधळ.

*कनाइन.* डावीकडे वरचा, ११–१२. उजवीकडे खालचा, ९–१०. मधली ओळ (आकडे म्हणजे मधल्या रेषेपासून कितवा दात: ३ कनाइन, ४-५ प्रीमोलर): खाली क्रम ६-१-२-३-४-५-७, कनाइन प्रीमोलरच्या आधी, वर ६-१-२-४-५-३-७, कनाइन प्रीमोलरनंतर. वरचा सुळा जागा न मिळाल्याने बाहेर का येतो हे यातूनच कळतं, आणि कारण कळलेला आकडा सहसा उलटत नाही.

*जिप्समचे टाइप ४ आणि ५.* दातांचे नमुने ओतायचं हे प्लास्टर. दोन्ही हाय स्ट्रेंग्थ, गोंधळ होणारच. फरक एक्स्पान्शनमध्ये, म्हणजे घट्ट होताना किती फुगतं यात: टाइप ४ जास्तीत जास्त ०.१० टक्के, टाइप ५ ०.१० ते ०.३० टक्के. पावडरीशी पाण्याचं प्रमाण टाइप ४ ला ०.२२–०.२४, टाइप ५ ला ०.१८–०.२२. याच पानाच्या तळाशी टाइप ३ (०.२८–०.३०) आणि साधं प्लास्टर (०.४५–०.५०) लिहा. जितकं पाणी कमी तितकी ताकद जास्त, एवढं धरलं की उतरंड आपोआप लागते.

*लो-सिल्नेस आणि सिल्नेस-लो.* हिरडीची सूज मोजणारा जिंजायव्हल इंडेक्स १९६३ चा, त्यात लो यांचं नाव आधी. दातावरचा थर मोजणारा प्लाक इंडेक्स १९६४ चा, त्यात सिल्नेस यांचं नाव आधी. दोन वर्षं, दोन नावं, दोन इंडेक्स. उलटायला इतकं पुरे. ग्रीन आणि व्हर्मिलियन यांचा ओएचआय (तोंडाच्या स्वच्छतेचा इंडेक्स) १९६० चा आणि त्याचं सोपं रूप ओएचआय-एस १९६४ चं, तेही याच पानावर हवं. १९६४ पाहिलं की नुसतं साल पुरत नाही, नाव तपासायचं हे हात शिकतो.

*बायोलॉजिक विड्थ.* तीन आकडे: सल्कस ०.६९, जंक्शनल एपिथेलियम ०.९७, कनेक्टिव्ह टिश्यू १.०७ मिमी. बायोलॉजिक विड्थ २.०४, म्हणजे शेवटच्या दोघांचीच बेरीज. सल्कस मिळवून २.७३ करणारे दरवर्षी भेटतात. पानावर सल्कसवर काट मारा आणि खालच्या दोघांना कंस घाला.

*लीवे स्पेस.* दुधाचा सुळा आणि दाढांच्या जागी लहान दात आल्यावर उरणारी जागा. वर एका बाजूला ०.९, खाली एका बाजूला १.७ मिमी. दोन्ही बाजू मिळून १.८ आणि ३.४. इथे गोंधळ दुहेरी आहे: वर की खाली, एक बाजू की दोन्ही. चौकट आखून चार घरं करा.

*ट्वीडचा त्रिकोण.* दात सरळ करण्याच्या विषयातले (ऑर्थो) तीन कोन, अंशांत: एफएमए २५, एफएमआयए ६५, आयएमपीए ९०. एक जरी हललं तरी बेरीज १८० येत नाही. स्वतःच स्वतःला तपासणाऱ्या अशा गोष्टींना जोडपान लागत नाही. पुढे जा.

*स्प्लिंटचे आठवडे.* निखळलेला दात २, एक्स्ट्रूजन (दात थोडा बाहेर आलेला) २. लॅटरल लक्सेशन (दात बाजूला सरकलेला) ४, इंट्रूजन (दात हाडात आत गेलेला) ४, अॅल्व्हिओलर हाडाचं फ्रॅक्चर ४, मुळाच्या मधल्या किंवा टोकाच्या तिसऱ्या भागातलं फ्रॅक्चर ४. मूळ हिरडीजवळ मोडलं तर ४ महिन्यांपर्यंत. मधली ओळ: हाड किंवा मूळ मोडलं, की दात हाडात ढकलला गेला, की चार. ‘४ आठवडे’ आणि ‘४ महिने’ यांचं जोडपान वेगळं करा, पर्याय तिथूनच येतात.

काही आकडे पाठ करूच नयेत, ते काढता येतात. फ्लोराइडचे पीपीएम घ्या. सोडियम फ्लोराइडमध्ये फ्लोरिनचा वाटा १९ भागिले ४२, म्हणजे ०.४५२. २ टक्के द्रावण म्हणजे ०.९०४ टक्के फ्लोराइड, म्हणजे सुमारे ९,०४० पीपीएम. ५ टक्क्यांचं व्हार्निश म्हणजे २.२६ टक्के, २२,६०० पीपीएम. एपीएफ (आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइड) जेलचा १.२३ टक्का मात्र थेट फ्लोराइडचाच असतो, त्याला गुणायचं नाही: १२,३०० पीपीएम. मुलं इथे चुकतात कारण एकात अख्खं सोडियम फ्लोराइड मोजलं आहे आणि दुसऱ्यात नुसता फ्लोराइड आयन. हा फरक वहीत लाल पेनाने लिहा. ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचे ४४,८०० मात्र पाठच करा.

लोकल अॅनेस्थेशियाचंही गणितच करायचं. २ टक्के म्हणजे मिलिलिटरमागे २० मिग्रॅ. १:८०,००० म्हणजे मिलिलिटरमागे ०.०१२५ मिग्रॅ अॅड्रेनालिन, १:२,००,००० म्हणजे ०.००५. हृदयरोग्याला अॅड्रेनालिनची मर्यादा ०.०४ मिग्रॅ, म्हणून पहिल्यात ३.२ मिलि, दुसऱ्यात ८ मिलि. आता ५० किलोचा निरोगी माणूस घ्या. लिग्नोकेनची (बधिर करणारं औषध) मर्यादा किलोमागे ७ मिग्रॅ धरली तर ३५० मिग्रॅ, म्हणजे १७.५ मिलि. पण निरोगी माणसाची अॅड्रेनालिनची ०.२ मिग्रॅ ही मर्यादा १:८०,००० मध्ये १६ मिलिलाच गाठली जाते. आधी जी मर्यादा लागते तिच्यावर थांबायचं. हा एक हिशेब स्वतःच्या हाताने तीनदा केलात तर या विषयावरचा कुठलाही प्रश्न आला तरी हात थरथरणार नाही. जुन्या पुस्तकांत ४.४ मिग्रॅ प्रतिकिलो असंही सापडेल. प्रश्नात अॅड्रेनालिन आहे की नाही आणि कमाल ३०० मिग्रॅ दिली आहे की ५००, हे पाहूनच आकडा उचला.

खुणेच्या ओळींबद्दल एक सांगते. बाजारातल्या हिंदी-इंग्रजी ओळी पाठ करण्यात वेळ घालवू नका. ओळच आठवत नाही अशी वेळ येते. आपल्या घरच्या भाषेत स्वतः बनवा. एन्डोच्या पोस्टिंगमध्ये फाइलची (रूट कॅनल साफ करायच्या बारीक सुयांची) डबी उघडून आमच्यातली एक मुलगी रंग पाहत बसली होती: पांढरा, पिवळा, लाल, निळा, हिरवा, काळा. १५ नंबरपासून ४० पर्यंत. तिने ओळ केली, “पांडू, पिंटूला लाडू नि हिला काय?” पां-पि-ला-नि-हि-का. डब्यातून फाइल काढताना ती ओळ मनात म्हणायची सवय लागली आणि आता आमच्याकडे कुणीही २५ ला निळी म्हणत नाही. ४५ पासून तेच रंग पुन्हा, फक्त ६० नंतर आकडा दहाने वाढतो हे लक्षात ठेवा: ६०, ७०, ८०. १५ च्या खालच्या तिघी या ओळीत बसत नाहीत: ६ गुलाबी, ८ करडी, १० जांभळी.

सावधान: जोडपानं साठ-सत्तरच्या वर जाऊ देऊ नका. दीडशे झाली तर ते नवे नोट्स झाले. पान तेव्हाच करायचं जेव्हा ती चूक तुमची ‘उ’ चूक असेल. दुसऱ्याची जोडपानं झेरॉक्स करून काही होत नाही, कारण तुमचे गोंधळ तुमचेच असतात.

टप्पा ५: पुस्तक मिटून लिहा

जोडपान पाहायचं, वही मिटायची, कोऱ्या कागदावर ते पान जसंच्या तसं लिहायचं. तोंडी नाही, मनात नाही, लिहून. मग वही उघडून दुसऱ्या रंगाने दुरुस्त करायचं.

पहिले आठ दिवस हे फार जड जातं. वाचताना तासाभरात चाळीस पानं होतात, लिहिताना दहा. मुलं घाबरून परत वाचनाकडे वळतात. वळू नका. अडखळत आठवताना जे ओढून काढलं जातं, तेच परीक्षेत हाताशी येतं. ओपीडी संपवून थकून आला असाल तर तीनच पानं करा, पण मिटूनच करा.

तपासणी: दुरुस्तीचा रंग कागदावर कुठे जास्त आहे ते बघा. ज्या पानाला लागोपाठ तीन वेळा दुरुस्ती लागली नाही ते बाजूला ठेवा. येतं तेच पुन्हा पुन्हा गिरवणं ही उजळणीतली सगळ्यात गोड चूक आहे.

टप्पा ६: पुन्हा कधी

पान केल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. पानाच्या कोपऱ्यात चारही तारखा पेन्सिलने लिहून टाका. चुकलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एवढंच.

विषय मात्र मिसळा. एकाच बैठकीत एक पान मटेरियल्सचं, एक पेडोचं (लहान मुलांचे दात), एक सर्जरीचं. पेपरमध्ये प्रश्न तसेच विखुरलेले येतात.

टप्पा ७: मॉक टेस्ट आणि अंदाजाचं गणित

दर आठवड्याला एक मॉक, सकाळी, एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत. सरासरी एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात. भाग अ आणि भाग ब वेगवेगळी घड्याळं लावून सोडवा, नाहीतर पहिल्या भागात रेंगाळायची सवय मोडत नाही.

निगेटिव्ह मार्किंगच्या भीतीने कित्येक जण पन्नास-साठ प्रश्न कोरे सोडून येतात. हिशेब मांडा. चार पर्यायांत डोळे मिटून निवडलं तरी चारातून एकदा ४ मिळतात आणि तीनदा १ जातो, म्हणजे सरासरी प्रश्नामागे पाव गुण शिल्लक. एक पर्याय नक्की बाद करता आला तर सरासरी ०.६७. दोन बाद झाले तर दीड गुण. दोन पर्यायांवर येऊन अडलात आणि प्रश्न सोडलात, तर हातातला दीड गुण टाकून आलात.

सावधान: हे गणित ‘न’ आणि अर्धवट आठवणाऱ्या प्रश्नांसाठी आहे. पूर्ण चुकीचं पाठ झालेल्याला हे वाचवत नाही, त्याला टप्पा २ लागतो. आणि एकदा निवडलेलं उत्तर बदलायचं तर ठोस कारण सापडल्यावरच. ‘असं वाटतंय’ म्हणून बदललेली उत्तरं मॉकमध्ये वेगळी मोजून ठेवा. तीनचार मॉकनंतर तुमचा कल तुम्हालाच दिसेल.

मॉक झाल्यावर पुन्हा न, उ, घ. ‘उ’ची संख्या आठवड्यागणिक खाली येत असेल तर रस्ता बरोबर आहे, एकूण गुण तितके वाढले नसले तरी.

टप्पा ८: शेवटचे दहा दिवस

नवं पुस्तक, नवा व्हिडिओ, ‘अत्यंत महत्त्वाचे ५०० मुद्दे’ अशी फिरणारी फाइल, यातलं काहीही उघडू नका. या दिवसांत ग्रुपवर रोज कुणीतरी काहीतरी टाकतं आणि आपल्याकडे ते नाही म्हणून जीव घाबरा होतो. ग्रुप म्यूट करा. फक्त जोडपानं, दिवसाला सात-आठ, मिटून लिहून. टप्पा २ मधली सालं लिहिलेली पानं शेवटच्या तीन दिवसांत ठेवा.

जागरणं इथेच थांबवा. रात्री अकरानंतर मित्र सराफ्याच्या खाऊगल्लीत बोलावतील, एखाद्या दिवशी जाऊनही या, पण झोपेची वेळ परीक्षेच्या सकाळशी जुळलेली हवी. केंद्र आधल्या दिवशी जाऊन पाहून या. शहरात असलं तरी पाहा, कारण संगणक केंद्रं बरेचदा बायपासकडे किंवा एखाद्या कॉलेजच्या आतल्या इमारतीत असतात आणि गेट बंद होण्याची वेळ कुणासाठी थांबत नाही.

आदल्या संध्याकाळी सहानंतर वही बंद. बॅगेत प्रवेशपत्र आणि पुस्तिकेत सांगितलेलं मूळ ओळखपत्र. दोन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का हे त्याआधी पंधरा दिवस पाहिलेलं असावं. आमच्याकडे आईच्या हौसेने शाळेत एक नाव आणि आधारवर दुसरं असलेली मुलं निघतात, आणि आदल्या रात्री त्यावर काही करता येत नाही.

हॉलमध्ये पहिल्या फेरीत फक्त नक्की येणारे प्रश्न. दोन पर्यायांवर अडलेले खूण करून पुढे. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी त्या खुणांकडे वळा आणि प्रत्येकापाशी एकच विचारा: हे दोन पर्याय माझ्या कुठल्या जोडपानावर समोरासमोर होते? पान आठवलं की डावी बाजू, उजवी बाजू आणि मधली ओळही आठवते. भाग अ बंद झाला की त्यातला एकही प्रश्न भाग ब मध्ये घेऊन जाऊ नका. पुढे १४० उरलेले असतात.